भूगोलाच्या पुस्तकातले दोन धडे
(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितले, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू काहीतरी वेगळे बोल." जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला असे सांगणे धोक्याचे असते. पण आता सांगून बसलात, तर वीस मिनिटे ऐकावे लागेल. घंटा माझ्या हातात नाही, ही तुमची जमेची बाजू.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात दोन धडे होते. एकात बर्फात राहणारा एस्किमो होता, दुसऱ्यात उंट घेऊन वाळवंटात भटकणारा माणूस. सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने आखले होते. डावीकडे थंड प्रदेश, उजवीकडे उष्ण प्रदेश. खाली अन्न, वस्त्र, निवारा, व्यवसाय. परीक्षेत प्रश्न ठरलेला: "हवामानाचा मानवी जीवनावर होणारा परिणाम सोदाहरण स्पष्ट करा." मला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आज सर समोर बसले आहेत म्हणून सांगते, ते उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे आज लिहायचा प्रयत्न करते.

रकाने तेच ठेवू, फक्त माणसांना त्यांच्या नावाने हाक मारू. डावीकडे उत्तर अलास्कातले इनुपियाट. उजवीकडे आफ्रिकेच्या शिंगावरचे सोमाली. लोकसंख्येत तुलना नाही, हे आधीच सांगते. इनुपियाट वीस हजारांच्या आसपास, सोमाली दोन कोटींच्या आसपास. आणि तेही सोमालिया, सोमालीलँड, इथिओपिया, केनिया, जिबुती इतक्या ठिकाणी विभागलेले. पण दोघांचीही जमीन पिकाला नकार देणारी. एकाने समुद्रातल्या देवमाशावर आणि रेनडिअरच्या जातीच्या कॅरिबूवर जगायचे, दुसऱ्याने उंट, शेळ्या-मेंढ्यांवर. शंभर वर्षांपूर्वी दोघांकडेही रोख पैसा जवळजवळ नव्हता. आज एकाच्या गावात शाळा, दवाखाना, वीज आहे, आणि दुसऱ्याचा देश जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोजला जातो. हा फरक हवामानाने पडला का?

आधी एक दुरुस्ती. आपण वहीत गोल इग्लू काढायचो, आठवते? अलास्कातल्या इनुपियाटांची राहती घरे बर्फाची नव्हतीच. गवताच्या मुळांसकट काढलेली मातीची ढेकळे, समुद्रातून वाहून आलेले लाकूड आणि देवमाशाची हाडे यांची ती घरे असत. बर्फाचा आडोसा प्रवासात, तात्पुरता.

आता पहिला मुद्दा. सरांच्या फळ्यावर तो नव्हता: जमीन कोणाची?

1968 मध्ये उत्तर अलास्कात प्रुडो बे इथे तेलाचा प्रचंड साठा सापडला. ते तेल दक्षिणेच्या बंदरापर्यंत न्यायला सुमारे 1,290 किलोमीटरची नळवाहिनी हवी होती, आणि ज्या जमिनीवरून ती जायची तिच्यावर मूळ रहिवाशांचा दावा होता. तो मिटवल्याशिवाय काम पुढे सरकेना. म्हणून 1971 मध्ये अमेरिकेने कायदा केला. अलास्कातल्या सर्व मूळ समाजांना मिळून 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि 96 कोटी 25 लाख डॉलर देण्यात आले, आणि ते सांभाळायला प्रादेशिक कंपन्या काढून लोकांना भागधारक केले. उत्तर किनाऱ्यावरच्या इनुपियाटांच्या संघटनेने या तडजोडीच्या विरोधात मत दिले होते. आपल्या जमिनीच्या मानाने मिळते ते कमी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तडजोड झालीच. मग त्यांनी पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, आपली स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन केली: नॉर्थ स्लोप बरो. एबेन हॉपसन तिचे पहिले महापौर. आपल्या भाषेत, जिल्हा परिषदच समजा. तिने तेलकंपन्यांच्या मालमत्तेवर कर बसवला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. त्या करातून गावोगाव शाळा, दवाखाने, वीज आणि पाणी आले.

उजव्या रकान्यात काय झाले? सोमालिया 1960 मध्ये स्वतंत्र झाला. ब्रिटिश आणि इटालियन असे दोन मुलूख एक झाले. यातल्या ब्रिटिश मुलखाचा कारभार 1898 पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता, आणि तिथे बराच काळ आपला रुपया चालत असे. 1969 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. 1988 मध्ये त्याच सरकारच्या विमानांनी आपल्याच देशातले हर्गेसा शहर बॉम्बने उद्ध्वस्त केले. 1991 मध्ये सरकार कोसळले आणि देश टोळीयुद्धात सापडला. कर गोळा करायला, तक्रार न्यायला, करार करायला समोर कोणी उरलेच नाही. 2000 साली जनावरांच्या साथीच्या भीतीने सौदी अरेबियाने सोमाली जनावरांची आयात बंद केली. हजच्या दिवसांत लाखो शेळ्या-मेंढ्या बर्बेरा बंदरातून तिकडे जात. मेंढपाळाच्या रोख उत्पन्नाचे ते मुख्य दार. ते 2009 पर्यंत बंद राहिले. सौदी सरकारशी बोलणी करायला अख्ख्या देशाच्या वतीने उभे राहील असे सरकार नव्हते. पुढे 2011 च्या दुष्काळात सुमारे 2 लाख 60 हजार माणसे गेली. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. पाऊस केनियात आणि इथिओपियातही पडला नव्हता. पण दुष्काळ जाहीर करावा लागला तो दक्षिण सोमालियातच, जिथे मदत पोहोचवणाऱ्यालाच अडवले जात होते.

म्हणून माझ्या उत्तरातली पहिली दुरुस्ती अशी: हवामान संकट आणते; त्यात किती माणसे मरतील हे कायदा, कोर्ट आणि कारभार यांवर ठरते.

पण इथे थांबले तर इनुपियाट सुखी आणि सोमाली दुःखी, एवढेच तुम्ही घरी घेऊन जाल. तसे नाही. इनुपियाट गावांना बाहेरून जोडणारा रस्ता नाही. सामान विमानाने किंवा उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर बोटीने येते, त्यामुळे दुधाचा आणि फळांचा भाव ऐकून आपल्याला घेरी येईल. दारू आणि तरुणांच्या आत्महत्या हे तिथल्या घराघराचे दुःख आहे. पैसा आला, पण त्याआधी दोन पिढ्या शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा भोगून बाहेर पडल्या होत्या. ती जखम करातून भरून निघत नाही.

आणि सोमाली माणूस नुसता हात पसरून बसलेला नाही. हवाला म्हटले की आपल्याला पोलिसांची धाड आठवते. सोमालियात बँका बुडाल्यावर तोच हवाला घरे चालवू लागला. मिनीआपोलिसमध्ये टॅक्सी चालवणारा, लंडनमध्ये साफसफाई करणारी, दर महिन्याला आईकडे पैसे पाठवतात. वर्षाकाठी ही रक्कम सव्वाशे कोटी डॉलरच्या वर जाते, असा दहा वर्षांपूर्वीचा अंदाज होता, आणि परदेशी मदतीपेक्षा ती मोठी होती. 2001 च्या नोव्हेंबरात अमेरिकेने त्यांची सर्वांत मोठी पैसे पाठवणारी कंपनी दहशतवादाच्या संशयावरून बंद केली. आरोप सिद्ध झाला नाही, पण तोवर हजारो घरांचे पैसे अडकले. सोमाली बायका आपापसात पैसे गोळा करून दर महिन्याला एकीला देतात, त्याला त्या हगबाद म्हणतात. मैत्रिणींनो, ही आपली भिशीच.

वाटून खाणे डाव्या रकान्यातही आहे. इनुपियाटांनी देवमासा मारला की त्याचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात, आणि ते मांस बाजारात विकायचे नसते. जूनमध्ये नालुकाताक नावाचा उत्सव होतो, त्यात ज्या नावेला शिकार मिळाली ती नाव सगळ्या गावाला जेवू घालते. 1977 मध्ये देवमासे संपत चालले म्हणून आंतरराष्ट्रीय आयोगाने ही शिकार बंद केली. शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकते आहे, मासे बर्फाखालून जातात. तज्ज्ञांना ते पटेना. इनुपियाटांनी आपला स्वतःचा आयोग काढला, मोजणीसाठी शास्त्रज्ञ आणि पैसा उभा केला. पाण्याखाली आवाज टिपणारी यंत्रे सोडून मोजले, तेव्हा शिकाऱ्यांचेच खरे निघाले. भाकरी वाटणारा समाज आपली बाजू मांडायलाही एकत्र येतो, असा याचा अर्थ मी घेते.

आता शाळेकडे येते. आज आपण शाळेत जमलो आहोत, तेव्हा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.

1972 पर्यंत सोमाली भाषेला सरकारमान्य लिपी नव्हती. सरकारी कागद इंग्रजी, इटालियन किंवा अरबीत. त्या वर्षी रोमन लिपी ठरली. मग 1974 मध्ये माध्यमिक शाळा वर्षभर बंद ठेवून पंचवीस हजारांच्या आसपास विद्यार्थी आणि शिक्षक भटक्या मेंढपाळांच्या वस्त्यांवर पाठवले गेले. दिवसा कळपामागे चालायचे आणि सवड मिळेल तेव्हा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना अक्षरे शिकवायची. मोहिमेचा भावार्थ साधा होता: येत असेल तर शिकव, येत नसेल तर शीक. हुकूम हुकूमशहाचा होता हे खरेच. पण त्या पोरांनी शिकवलेली अक्षरे हुकूमशहा गेल्यावरही राहिली. आज सोमाली माणूस मोबाइलवर आईला निरोप लिहितो तो त्याच अक्षरांत.

दुसरी गोष्ट काक्टोविक नावाच्या इनुपियाट खेड्यातली. त्यांची मोजणी विसांची. आपल्या आज्याही "तीन विसा आणि पाच" म्हणायच्या, तशी. पण लिहायचे अंक दशमानाचे, म्हणजे मूळचे आपल्याकडचे. तोंडी हिशेब एक, वहीतला दुसरा. 1994 मध्ये तिथल्या शाळेतल्या काही मुलांनी, शिक्षकांच्या मदतीने, शून्य ते एकोणीस असे वीस नवे अंक तयार केले. रेघा अशा आखल्या की दोन अंकांची बेरीज डोळ्यांनीच दिसावी. 2022 मध्ये ते अंक युनिकोड या संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात गेले. विचार करा, आपल्या सातवी-आठवीच्या वर्गाएवढी ती पोरे.

त्या मुलांना आपल्या गावात शाळा होती म्हणून हे झाले. आधीच्या पिढीला माध्यमिक शिक्षणासाठी घर सोडून शेकडो मैल दूर, काहींना तर ओरेगॉन आणि ओक्लाहोमापर्यंत वसतिगृहात जावे लागे. शेजारच्या युपिक समाजातल्या मॉली हूच या मुलीच्या नावाने सरकारविरुद्ध दावा चालला, आणि 1976 मध्ये तडजोड होऊन 126 गावांत माध्यमिक शाळा देण्याचे राज्याने कबूल केले. इनुपियाट गावांनाही त्याचा लाभ झाला.

शेवटी एक पेच सांगते. माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. ज्या तेलाच्या करातून इनुपियाटांची शाळा चालते, त्याच तेलाच्या धुराने त्यांचा बर्फ वितळतो आहे. मांस साठवायची जमिनीखालची बर्फाची तळघरे पाझरू लागली आहेत. शिशमारेफ गावाने 2016 मध्ये मतदान करून गावच हलवायचे ठरवले, कारण किनारा खचतो आहे. 2023 मध्ये नव्या तेलप्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा बरो त्याच्या बाजूने होती, आणि तेलविहिरींना सर्वांत जवळ असलेल्या नुइक्सुट गावच्या महापौर विरोधात. सोमालीने तर तेलाचा पैसाही पाहिला नाही, आणि 2020 पासून लागोपाठ पाच हंगाम पाऊस चुकला. शाळेसाठी तेल हवे की बर्फासाठी ते नको, हा प्रश्न मी कॉलेजच्या मुलांना घालत असे. वर्ग दरवर्षी दोन भागांत विभागला जायचा, आणि मी गुण सगळ्यांना सारखेच द्यायची.

सर, तुमच्या फळ्यावरचे अन्न, वस्त्र, निवारा, व्यवसाय मी पुसत नाही. त्याखाली चार ओळी वाढवते: जमीन कोणाची, दाद कुठे मागायची, वाटा कोणाला मिळतो आणि शाळा किती दूर आहे. यातली शेवटची ओळ आपल्या हातातली आहे. दुपारच्या सत्रात निधीचा विषय निघणार आहे. शाळेला नवी कमान बांधावी अशी एक सूचना आहे, आणि वाड्या-वस्त्यांवरून चालत येणाऱ्या मुलींच्या जाण्यायेण्याची सोय करावी अशी दुसरी. कमान मलाही आवडेल, तिच्याखाली उभे राहून फोटो छान येतील. पण माझे मत मी आत्ताच सांगून टाकते: आधी मुलींची गाडी. कमान पुढच्या मेळाव्याला बांधू.

सर, उत्तर पूर्ण झाले असेल तर गुण द्या. नसेल तर लाल शाईने लिहा, मी पुन्हा लिहून आणीन.