पायमशीनवरची गोधडी



ज्यांच्या घरी जुनं, काळ्या रंगाचं पायाचं शिलाई मशीन आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. सिंगर असेल, उषा असेल. बहुधा त्याच्यावर आता टीव्ही तरी असतो, नाहीतर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. भंगारवाला लोखंडाच्या वजनाने त्याचे पैसे देईल. माझं सांगणं एवढंच, की ते देऊ नका. त्यावर गोधडी शिवायला घ्या.

गोधडी हे जाड काम. वर-खाली सुती लुगडं, मध्ये जुन्या धोतरांचे आणि चादरींचे थर. विजेचं हलकं मशीन अशा जाडीवर अडतं, आणि सुटलं की टीप भलतीकडेच पळते. पायमशीनचं खालचं चाक बिडाचं, जड. एकदा फिरलं की त्याचा जोर सुईला मिळत राहतो. वेग मात्र तुमच्या पावलात असतो. चार शिवणी एकावर एक आल्या, तर पाय थांबवावा आणि वरचं चाक हाताने फिरवून एकेक टाका घालावा. सुई मोडत नाही.

बरीच वर्षं बंद असलेलं मशीन जड चालतं. बिघाड क्वचितच असतो. बहुतेक वेळा आत तेल वाळून चिकट झालेलं असतं. घरात हाताशी असतं म्हणून कुणी खोबरेल घातलेलं असतं, ते तर हमखास चिकटतं. अशा वेळी तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, दोरा न ओवता मशीन चालवा, सुटलेली घाण पुसून काढा, आणि मग मशीनचं पातळ तेल थेंबथेंब घाला. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचला. दात्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचा कापूस घट्ट बसून नमदा झालेला दिसेल. तो टाचणीने उकरून काढा. शटल बाहेर काढून पुसा, त्याच्या वाटेवर एक थेंब तेल पुरे. पायाचा दांडा खाली जिथे जोडलेला आहे, तिथेही एक थेंब घाला; कुरकुर बहुधा तिथूनच येते. चामड्याच्या पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नका. तो घसरत असेल, तर थोडा कापून पुन्हा तारेने जोडा. फार ताणला, तर मशीन जड होतं. आणि अंगावरची सोनेरी नक्षी स्पिरिटने पुसू नका, ती निघून जाते. मऊ फडक्यावर मशीनचंच तेल घेऊन पुसा.

ज्यांचा पाय अजून बसलेला नाही, त्यांनी वरच्या चाकाचा मधला स्क्रू सैल करावा. सुई थांबते, चाक नुसतं फिरतं, आणि पावलाला सराव करता येतो. वरचं चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं गेलं, की दोरा गुंतलाच.

आता गोधडी. थर पसरून आधी हाताने मोठे कच्चे टाके घाला. सुई सोळा किंवा अठरा नंबरची, टाका लांब. सुईला एका अंगाला लांब खोबण असते, दोरा त्याच बाजूने ओवायचा. कापड दाबणाऱ्या पायाचा वरचा स्क्रू थोडा सैल करा, म्हणजे वरचा पदर पुढे ढकलला जाणार नाही. टिपा मधोमध सुरू करून कडेकडे न्या, चुण्या पडत नाहीत. मशीनची कमान वीतभरसुद्धा रुंद नसते, म्हणून उजवीकडची गोधडी गुंडाळून तिच्यातून सरकवा. डावीकडे एक टेबल लावा. लोंबणाऱ्या गोधडीच्या वजनानेच सुई वाकते.

१९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. माणसाला कामावरून दूर करणारं यंत्र त्यांना नको होतं, त्याचे कष्ट हलके करणारं हवं होतं. पायमशीनवर गोधडी शिवताना हा फरक पावलाला कळतो. शिवणारी बाई मशीनची मालकीण राहते, कारण त्यातला प्रत्येक भाग तिला उघडून बघता येतो. एक स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी आणि फडकं, एवढ्यावर ती त्याची बहुतेक दुरुस्ती घरीच करू शकते. त्यापलीकडचं काही अडलं, तर गावातल्या जुन्या कारागिराला बोलवा. आणि तो काम करत असताना शेजारी बसून बघा, विचारा, शिकून घ्या.

शेतातली कामं उरकली की उन्हाळ्यात गोधड्या घालायची आपल्याकडे रीत आहे. तोपर्यंत मशीन साफ करून ठेवा, आणि घरातल्या मुलींबरोबर मुलांनाही त्यावर बसवा.