फरक कितीचा, आणि कशाचा?



कोल्हापुरात कोणत्याही निकालाची वार्ता येवो, मग तो निकाल खासबागेतील असो, शाहू स्टेडियमवरील असो की मतमोजणीच्या मंडपातील असो, पहिला प्रश्न 'कोण जिंकले?' हा असतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, 'कितीने?' पहिल्याचे उत्तर एका शब्दात आटोपते. दुसऱ्यावर मात्र घरोघरी तासन् तास चर्चा चालते. कोणी त्या आकड्यावरून विजेत्याचे थोरपण मोजतो, तर कोणी पराभूताची हेटाळणी करतो. परंतु तो आकडा आला कोठून, हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. वस्तुतः या फरकांच्या तीन निरनिराळ्या जाती आहेत. खेळातील फरक नियमाने ठरविलेला असतो, निवडणुकीतील फरक एकेक मत मोजून काढलेला असतो, आणि मतचाचणीतील फरक हा केवळ अंदाज असतो. हे तिन्ही एकाच तराजूत घातले की हिशेब चुकतो. आणि ही चूक प्रसंगी मतदाराला त्याच्या हक्काला मुकविते.

प्रथम खेळाकडे वळू. राजर्षी शाहू छत्रपतींनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. तेथील तांबड्या मातीत जी निकाली कुस्ती चालत आली, तीत फरक ही वस्तूच नाही. एकाची पाठ मातीला लागली की तो चीत झाला. पाच पळात झाला काय किंवा दीड तासाने झाला काय, निकाल तोच. 'थोडक्यात हरला' असे प्रेक्षक म्हणतील. फडाच्या हिशेबात त्याची नोंद नाही.

गादीवरील कुस्तीत गुण आले आणि त्यांच्याबरोबर फरकही आला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या स्पर्धेतील गुणदानाची रीत मोठी बोधप्रद होती. तेथे गुण मिळवायचे नसून टाळायचे असत, कारण ते दोषगुण होते. चीत करून जिंकणाऱ्याला शून्य दोषगुण आणि पंचांच्या निर्णयाने जिंकणाऱ्याला एक. हरणारा चीत झाला किंवा तिन्ही पंच त्याच्या विरुद्ध गेले, तर त्याच्या माथी तीन. पण एका पंचाने जरी त्याच्या बाजूने कौल दिला, तरी दोनच. पाच दोषगुण भरले की मल्ल स्पर्धेबाहेर. दोन वेळा हरलेल्या मल्लाचा हिशेब करून पाहा. दोन्ही वेळा एका पंचाचा कौल लाभला असेल तर चारच दोषगुण होऊन तो टिकून राही. एरवी पाच किंवा सहा भरून घरी जाई. म्हणजे पराभवाचा निवाडा एकच असूनही त्याचे वजन वेगळे, आणि ते वजन नियमाने ठरविलेले. आज मुक्त शैलीच्या कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच थांबते. तेव्हा तेथे दहा गुणांनी जिंकणे म्हणजे केवळ आकड्याने मोठे जिंकणे नव्हे, ती एक निराळी पायरीच होय.

खेळातील फरकाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी: फरक कोणापासून मोजला, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. कोल्हापुरात जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला होता; महाराष्ट्राने ४ गडी बाद ८२६ केल्या होत्या. आघाडी होती ५८८ धावांची, आणि सामन्यापुरते पाहिले तर ती गरजेहून कितीतरी अधिक होती. परंतु त्याच फलकावर दुसरा एक फरक उभा होता, तो अवघ्या ९ धावांचा. ब्रॅडमन यांनी १९३० साली केलेल्या नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम तेवढाच दूर राहिला होता. प्रतिपक्षाने पुढे खेळण्याचे नाकारून सामना सोडून दिला आणि ते नऊ तसेच राहिले. पाचशे अठ्ठ्याऐंशीचा फरक आज कोणाला आठवत नाही. नवाचा मात्र क्रिकेटप्रेमी अद्याप विसरलेले नाहीत.

आता निवडणूक. येथे पंच नाही, दोषगुण नाहीत. मत म्हणजे मत. ७ मे २०२४ रोजी कोल्हापूर आणि शेजारचा हातकणंगले या लोकसभेच्या दोन मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. ४ जून रोजी मोजणी झाली. कोल्हापुरात शाहू छत्रपती यांना ७,५४,५२२ आणि संजय मंडलिक यांना ५,९९,५५८ मते पडली; फरक १,५४,९६४. हातकणंगल्यात धैर्यशील माने यांना ५,२०,१९० आणि सत्यजित पाटील यांना ५,०६,७६४, फरक १३,४२६. तेरा हजार हा आकडा ऐकताना मोठा वाटतो, कारण तेवढी माणसे एका पटांगणात उभी केली तर नजर पुरणार नाही. परंतु या दोन उमेदवारांना मिळून दहा लाखांहून अधिक मते पडली होती. त्या दोघांच्या मतांपुरते पाहिले, तर हा फरक शेकडा सव्वाच्या किंचित वर जातो. कोल्हापुरातील फरक त्याच रीतीने शेकडा साडेअकराच्या आसपास येतो. आकडा लहान की मोठा, हे असे एकूण मतांशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही.

येथे एक साधा हिशेब प्रत्येक मतदाराने पाठ करून ठेवावा. एका मतदाराने एका उमेदवाराला सोडून दुसऱ्याला मत दिले की फरक एकाने नव्हे, दोनाने बदलतो. इकडचे एक उणे झाले आणि तिकडचे एक वाढले. म्हणून हातकणंगल्याचा निकाल उलटविण्यास १३,४२६ माणसे लागत नव्हती. ६,७१४ माणसांचे मन पालटते तरी पुरे होते. त्याच दिवशी मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर ४,५२,६४४ मते मिळवून विजयी झाले आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते पडली. फरक फक्त ४८! पंचवीस जणांचे मन बदलते, किंवा घरी बसून राहिलेले एकोणपन्नास जण उठून कीर्तिकरांना मत देऊन येते, तर निकाल फिरता. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांनाही ५,९४६ अशी समसमान मते पडली आणि निवाडा चिठ्ठी टाकून करावा लागला. त्या प्रभागात मतदानाच्या दिवशी 'माझ्या एका मताने काय होणार?' असे म्हणून जो कोणी पडून राहिला, त्याने आपले मत चिठ्ठीच्या हवाली केले.

मोजलेल्या मतांनाही बोलीभाषेचा एक सापळा आहे, तो टक्क्यांचा. समजा, एखाद्या पक्षाला मागील खेपेस शेकडा २० मते होती आणि यंदा २५ झाली. त्या पक्षाचा अभिमानी म्हणतो, 'आमची मते पंचवीस टक्क्यांनी वाढली'. विरोधक म्हणतो, 'छे, पाचच टक्के.' खोटे कोणीच बोलत नाही. विसांवर पाच म्हणजे पाव हिस्सा, सबब वाढ पंचवीस टक्के. परंतु शंभरांच्या मापावर ती पाच घरे पुढे सरकली. या दुसऱ्या मापाला 'टक्केबिंदू' म्हणतात. पतपेढीने व्याजाचा दर ६ वरून ७ केला, तर गृहिणी 'एक टक्का वाढला' असे म्हणते; वास्तविक दर एका टक्केबिंदूने वाढला, आणि हाती येणारे व्याज सुमारे पावणेसतरा टक्क्यांनी. वृत्तपत्रात टक्का दिसला की तो कशावरचा, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता तिसरी जात, मतचाचणी. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपल्या स्वयंपाकघरातील शहाणपण या साऱ्या शास्त्राच्या मुळाशी आहे. परंतु ती परीक्षा खरी ठरावी म्हणून सुगरण भात वरखाली करून शीत घेते. केवळ वरचेच शीत दाबून पाहिले, तर तळाचा भात कच्चा की करपलेला, हे कसे उमगावे? १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या आणि वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली. त्यांवरून लँडन विजयी होणार, असे त्याने भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना शेकडा ६० हून अधिक मते पडली. पत्ते घेतले होते बहुतांशी दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात तो वरचाच भात होता. त्यातही उत्तर धाडण्याची तसदी घेणारे थोडेच. उलट गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना, पण सर्व थरांतून निवडून विचारले, आणि विजेता बरोबर सांगितला. पुढे १९४८ साली तेच गॅलप चुकले. ड्यूई पाच टक्केबिंदूंनी पुढे असल्याचे त्यांनी सांगितले आणि सुमारे साडेचारांनी निवडून आले ट्रुमन. चौकशी मतदानापूर्वी काही दिवस थांबविली होती. तेवढ्या अवधीत लोकांची मने पालटली.

निवड अगदी निर्दोष केली, तरी अंदाज तो अंदाजच. एक हजार माणसांना विचारले, तर प्रत्येक पक्षाच्या टक्क्यात सुमारे तीन टक्केबिंदूंची चूक इकडे वा तिकडे संभवते; शंभरांपैकी पंचाण्णव वेळा चूक त्या मर्यादेत राहते आणि पाच वेळा तीही ओलांडते. ही मर्यादा निम्मी करायची, तर माणसे दुप्पट नव्हे, चौपट लागतात. शिवाय हे तीन एकेका पक्षाचे झाले. सामना दोघांतच असेल, तर एकाचा टक्का खरोखरीहून जास्त दिसला की दुसऱ्याचा तितकाच कमी दिसतो, आणि म्हणून दोघांमधील आघाडीची चूक सुमारे सहा टक्केबिंदूंपर्यंत जाते. 'अमुक पक्ष चार टक्क्यांनी आघाडीवर' अशी वार्ता हजार जणांच्या चाचणीवर आधारलेली असेल, तर तिचा प्रामाणिक अर्थ 'कोण पुढे आहे, हे निश्चित सांगता येत नाही' एवढाच. हातकणंगल्यातील सव्वा टक्क्याचा फरक आधी ओळखायचा, तर वीस हजारांहून अधिक मतदारांना विचारावे लागले असते. आणि तेही प्रत्येकाने खरे उत्तर दिले असते तर.

याहून अवघड काम मतांवरून जागा सांगण्याचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्क्यात फार थोडे अंतर होते. परंतु ४८ जागांपैकी एकीकडे ३० गेल्या आणि दुसरीकडे १७. मते कोठे एकवटली आणि कोठे विखुरली, यावर जागा अवलंबून असतात. त्याच वर्षी मतदान संपताच प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनी केंद्रातील सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या. पदरात पडल्या २९३.

म्हणून चाचण्या टाकाऊ, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वारा कोणत्या दिशेचा, हे त्या पुष्कळदा बरोबर सांगतात. फक्त केसाएवढे अंतर मोजण्याचे ते साधन नव्हे. घरात एखादा आकडा वाचला गेला, तर वडीलधाऱ्यांनी मुलांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हा फरक मोजलेला की अंदाजलेला? किती जणांतून? आणि टक्का असेल तर कशावरचा? कुस्तीचा शौकीन गुण वाचून पंचांचा नियम विचारतो. तोच चोखंदळपणा मतांच्या आकड्यांनाही लावावा.

शेवटी एक गोष्ट. चाचणीने आपल्या उमेदवाराला पुढे दाखविले म्हणून जो निश्चिंतपणे घरी राहतो, आणि मागे दाखविले म्हणून जो हताश होऊन घरी राहतो, ते दोघेही अंदाजालाच मोजणी समजून बसलेले असतात. मोजणीत त्यांच्यापैकी एकाचेही मत नसते. मुंबईत फरक अठ्ठेचाळीसांचा ठरला, तेव्हा घरी राहिलेल्यांची कोणी गणती केली नाही; कारण मोजले जाते ते केवळ पेटीत पडलेले मत.