धर्मसंस्थेच्या कॉलेजातील समाजकार्याची पदवी



या व्यासपीठाला पंडितांची सवय आहे. मी पंडित नव्हे. सातवीनंतरचे माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकात बोट ठेवून वाचता वाचता. तेव्हा पदवीवर मी बोलावे हा आगाऊपणाच. पण बारावी झालेल्या मुलामुलींनी समाजकार्याची पदवी घ्यावी काय, आणि ती धर्मसंस्थेने चालविलेल्या कॉलेजात घ्यावी काय, हा प्रश्न आमच्या दाराशीही येतो.

मुंबईचे निर्मला निकेतन घ्या. १९५५ साली ख्रिस्ती धर्मभगिनींच्या एका संघाने ते काढले. पदवी मुंबई विद्यापीठाची, चालक धर्मसंस्था. त्याच्याही आधी, १९३६ साली, टाटांच्या विश्वस्तनिधीतून नागपाड्यात या विद्येची आपल्या देशातली पहिली शाळा निघाली; तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. पैसा पारशाचा, चालक मिशनरी! या विद्येच्या पाळण्याची दोरी आपल्याकडे अशा हातांत होती.

आमच्या एका सफाई कामगाराने मला विचारले, "भाऊ, पोरीला तिकडे घातली तर बाटेल का हो?" मी म्हटले, "अरे, तिथे प्रार्थना होते की नाही हे विचारू नकोस. गरिबाच्या दारात उभे राहून काय करायला शिकवतात, ते विचार."

समजा, तीन वर्षे नोकरी झालेला एक गडी वारला. एखादा भला माणूस त्याच्या बायकोला धान्याची पिशवी देतो. वाईट नाही, त्या रात्री चूल पेटते. शिकलेला कार्यकर्ता मात्र आधी विचारतो, नवरा कोणत्या तारखेला कामावर लागला? ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची नोकरी लागते, पण मृत्यू आला तर ती अट नाही, हे १९७२ च्या कायद्यापासून ठरलेले आहे. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ती भिक्षा नव्हे, तिचे येणे आहे.

आता तीच बाई म्हणाली, "पोराला मिशनच्या वसतिगृहात ठेवणार नाही." वसतिगृह चांगले, वर फुकट. तरी निर्णय तिचाच. समाजकार्याच्या शास्त्रात याला आत्मनिर्णयाचे तत्त्व म्हणतात. धर्मसंस्थेच्या कॉलेजाची परीक्षा होते ती इथे. श्रद्धेने विद्यार्थिनीला त्या दारापर्यंत आणले असेल तर उत्तमच. वस्त्यांतून उन्हातान्हात क्षेत्रकार्य करीत हिंडायला काहीतरी बळ लागतेच. पण उंबऱ्याच्या आत श्रद्धा चालायची ती त्या बाईची.

आणि धर्मसंस्थेचा एवढा संशय घेणारे आपण, मालकाचा का घेत नाही? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे भाग पाडले. समाजकार्य शिकलेली पुष्कळ मुले त्या खुर्चीवर बसली. पगार कोणाचा? मालकाचा. मी एका कारखान्यात असा अधिकारी पाहिला. नाव कशाला घेऊ? सहलीच्या बसगाड्या चोख ठरवी, पण हातमोजे मागितले की म्हणे, "वर विचारतो." २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायला लावले, आणि आज कितीतरी पदवीधर त्या पैशावर काम करतात. कॉलेजच्या भिंतीवरचा क्रूस निदान दिसतो. पगारपत्रकातला दिसत नाही.

म्हणून पालकांनी प्रवेशाच्या वेळी शुल्काबरोबर आणखी एक चौकशी करावी. क्षेत्रकार्यासाठी मुलांना कोठे पाठवता? अनाथाश्रम, दवाखाना, ठीक आहे. कामगार संघटनेकडे पाठवता काय? पाठवत असतील, तर आमच्या कचेरीत एक टेबल मोकळे आहे, आणि त्यावर वारसांच्या अर्जांचा ढीग पडला आहे.