पत्र कोणाचे आणि शिक्का कोठला?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चालकांनी मला जो विषय दिला आहे तो वरवर पाहता यंत्राचा आहे. आपल्या ई-मेलच्या पेटीत जी नकोशी, फसवी पत्रे येऊन पडतात, ती पाठविणारा कोण हे कसे शोधावे आणि त्याची तक्रार कोठे करावी, असा तो विषय. परंतु या विषयाचा संबंध यंत्रापेक्षा माणसाशी अधिक आहे. फसव्या पत्राला भुलून कोणाच्या घरातली फीची रक्कम जाते. आणि पत्र पाठविणाऱ्याचा शोध चुकला, तर निरपराध माणूस तुरुंगात जातो. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, आणि दुसरी तर आपल्या पुण्याशी निगडित आहे. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी अर्ज भरण्याची धांदल सुरू होते. नेमकी हीच वेळ साधून पत्रे येतात. 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, नोंदणी शुल्क ताबडतोब भरा.' 'आखातात नोकरी, व्हिसाची अनामत आजच पाठवा.' 'उमऱ्याच्या शेवटच्या चार जागा.' ज्या घरात पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयात जाणार असते, तेथे असे पत्र खोटे असू शकेल हे सांगणारे कोणी नसते. म्हणून प्रथम एक साधी खूण सांगतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी संपतो. हज कमिटी ऑफ इंडियाचाही तसाच. सरकारचे नाव सांगणारे पत्र आले आणि त्यातल्या दुव्याचा पत्ता तसा नसला, तर तेथेच थांबावे.

हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी आपल्या मालाची जाहिरात धाडली. लोक चिडले आणि त्याला समजही मिळाली. कारण पाठविणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते. पुढे १९८२ साली ई-मेल वाहून नेण्याचे नियम ठरले, तेव्हा जाळ्यावर विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांतलीच मंडळी होती आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. पाठविणाऱ्याने आपले नाव खरे लिहिले आहे की खोटे, हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवली गेली नाही. आजच्या फसवणुकीचे मूळ त्या उणिवेत आहे.

हे समजण्यासाठी आपल्या जुन्या टपालाचा दाखला घेऊ. कागदी पत्राच्या तळाशी कोणीही काहीही नाव लिहू शकतो. 'आपला, जिल्हाधिकारी' असे लिहिल्याने लिहिणारा जिल्हाधिकारी होत नाही. परंतु लिफाफ्यावर टपाल कचेरीचा शिक्का असतो. पत्र कोठे आणि कोणत्या दिवशी टाकले, हे तो शिक्का सांगतो. ई-मेललाही असे शिक्के असतात. आपल्या डोळ्यांना दिसते ते फक्त 'फ्रॉम' हे नाव. ते पत्राच्या तळाच्या सहीसारखे आहे. शिक्के असतात 'हेडर' नावाच्या झाकलेल्या भागात. जीमेलमध्ये पत्र उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर बोट ठेवले आणि 'शो ओरिजिनल' निवडले की तो भाग उघडतो. ही सोय संगणकावर आहे, मोबाईलच्या ॲपमध्ये ती सहसा सापडत नाही. तेव्हा शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांसमोर एकदा जरूर करून पाहा.

त्या भागात 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या काही नोंदी दिसतील. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून, म्हणजे ज्या ज्या टपाल कचेरीतून जाते, ती ती आपली नोंद सर्वांत वर चिकटविते. म्हणून या नोंदी खालून वर वाचावयाच्या असतात. येथे एक सावधगिरी हवी. आपल्या स्वतःच्या सेवेने केलेली वरची नोंद विश्वासाची. तिच्या खालच्या नोंदी लबाड माणूस आधीच खोट्या लिहून ठेवू शकतो. यास्तव, आपल्या सेवेने हे पत्र कोणाच्या हातून घेतले ते पाहावे. तेथे चौकटी कंसात एक आकडा असतो. तो आयपी क्रमांक. तो क्रमांक कोणत्या कंपनीला दिलेला आहे, हे 'हू-इज' नावाच्या खुल्या नोंदवहीत पाहता येते. आशिया-प्रशांत भागातील क्रमांकांची नोंदवही एपीनिक ही संस्था ठेवते.

त्याच भागात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचे निकाल असतात. १९८२ साली राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी मागाहून जोडलेल्या या तपासण्या आहेत. पत्रात बँकेचे नाव आहे आणि यांपुढे 'फेल' असे लिहिले आहे, तर ते पत्र बँकेचे नाही असेच धरून चालावे. मात्र 'पास' दिसले म्हणून पत्र खरे ठरत नाही. लबाड माणसाने बँकेच्या नावासारखे दिसणारे, एखादे अक्षर बदललेले नाव विकत घेतले असेल, तर त्याचेही पत्र पास होते.

आता पुण्याची ती घटना. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर कोणीतरी टाकला. लोकभावना दुखावल्या आणि पोलिसांनी आयपी क्रमांकावरून शोध सुरू केला. दूरसंचार कंपनीने दिलेल्या माहितीच्या आधारे ऑगस्टच्या अखेरीस बंगळूरच्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक करून पुण्यास आणण्यात आले. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. नंतर उघड झाले की तो आयपी क्रमांक त्याचा नव्हताच. पुरविलेली माहिती चुकीची होती. ही घटना ई-मेलची नसली, तरी शोधाची रीत तीच आहे. कागदावरच्या एका चुकीच्या नोंदीने एका माणसाचे पन्नास दिवस गेले, आणि त्याच्या आईवडिलांवर काय गुदरले असेल याची कल्पना येथे बसलेल्या प्रत्येक पालकाने करावी.

अशी चूक किती सहज होऊ शकते, हे एका उदाहरणाने सांगतो. बरेच संगणक एकाच आयपी क्रमांकाने एकामागून एक वापरले जातात. तेव्हा क्रमांकाबरोबर नेमकी वेळ हवी. हेडरमध्ये '१४ जून, १९.१० +००००' असे लिहिले असेल, तर ती ग्रीनिचची वेळ झाली. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे आपल्याकडे तेव्हा १५ जून उजाडून रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटे झाली होती. वेळच नव्हे, तारीखही बदलली. हा हिशोब चुकला तर भलत्याच घराचे दार ठोठावले जाईल.

आणि हिशोब बरोबर आला तरी आयपी क्रमांक माणसाचे नाव सांगत नाही, जोडणीचे नाव सांगतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी जो धमकीचा ई-मेल आला, त्याचा माग नवी मुंबईतील एका अमेरिकन गृहस्थाच्या घरापर्यंत लागला. त्याचे वायफाय उघडे होते आणि त्याचा वापर दुसऱ्यांनीच केला होता. म्हणून पालकांनो, घरच्या वायफायला भक्कम पासवर्ड ठेवा आणि तो जिन्यातल्या प्रत्येकाला देऊ नका. पुष्कळदा तर फालतू पत्रे पाठविणारा संगणक एखाद्या बिचाऱ्या दुकानदाराचा असतो. त्यात शिरलेला विषाणू त्याच्या नकळत पत्रे धाडीत असतो. जीमेलसारख्या सेवेतून लिहिलेल्या पत्रात तर लिहिणाऱ्याच्या घरचा क्रमांक दिसतही नाही. आपला शोध त्या कंपनीच्या दारात थांबतो. पुढची माहिती कायदेशीर मागणी करून मिळविण्याचा अधिकार तपास यंत्रणेला आहे, आपल्याला नाही.

तेथून पुढे योग्य हातांनी काम झाले तर काय साधते, याचीही उदाहरणे आहेत. नॅसकॉम या संगणक उद्योगाच्या संघटनेच्या नावाने ई-मेल पाठवून नोकरभरतीसाठी लोकांची खाजगी माहिती गोळा केली जात होती. संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी संगणकांच्या हार्ड डिस्क ताब्यात घेतल्या, त्यांत तीच पत्रे सापडली, आणि २००५ साली प्रतिवादींनी १६ लाख रुपये देण्याचे मान्य करून प्रकरण मिटले. बांगलादेश बँकेचे उदाहरण त्याहून मोठे. जानेवारी २०१५ मध्ये त्या बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाचे म्हणून साधेसे पत्र आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले. २०१८ साली अमेरिकेच्या तपास यंत्रणेने न्यायालयात जे आरोप ठेवले, त्यांत एका ई-मेल खात्यावरून दुसऱ्या खात्याचा माग कसा काढला, याची सविस्तर हकिगत आहे. त्या कामाला वर्षे लागली.

मग आपले काम कोणते? पुरावा जसाच्या तसा जपणे आणि तो वेळेवर योग्य ठिकाणी पोचविणे. आरोपीचे नाव ठरविणे हे आपले काम नव्हे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. संशयित पत्र पुसून टाकू नये. स्क्रीनचा फोटो घ्यावा, पण तेवढ्यावर भागत नाही. मूळ पत्र हेडरसह उतरवून ठेवावे. नेहमीप्रमाणे पुढे पाठविल्यास मूळचे शिक्के गळून पडतात, म्हणून ते जोडपत्र म्हणूनच पाठवावे.

२. पत्राला उत्तर देऊ नये. अनोळखी पत्रातले 'अनसबस्क्राइब'ही दाबू नये; तेवढ्याने हा पत्ता जिवंत असल्याचे त्यांना कळते. त्याऐवजी आपल्या ई-मेल सेवेचे 'स्पॅम' किंवा 'फिशिंग' कळविण्याचे बटण दाबावे.

३. ज्या कंपनीच्या जाळ्यातून पत्र आले, तिच्या तक्रार पेटीकडे हेडरसह लिहावे. अशा पेटीचे नाव 'अब्यूज' ठेवावे असा संकेत १९९७ पासून आहे, आणि तिचा पत्ता हू-इजच्या नोंदीत मिळतो. ज्या बँकेचे वा संस्थेचे नाव वापरले असेल, तिलाही कळवावे.

४. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेकडे 'इन्सिडंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन' या पत्त्यावर कळविता येते. तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. तक्रारीस वर्ष लावले, तर नोंद उरलेली असेलच असे नाही.

५. पैसे गेले असतील तर बाकी सर्व बाजूला ठेवून प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी गोठविता आले तरच हाती लागतात. येथे तासांचा प्रश्न असतो. त्यानंतर 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या पोर्टलवर किंवा पुणे शहर पोलिसांच्या सायबर पोलिस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी.

कायद्याविषयी थोडे. नुसत्या जाहिरातीच्या ई-मेलविरुद्ध आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रास देणाऱ्या व उगम लपविणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. पण त्या कलमाची भाषा इतकी सैल होती की सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. मात्र दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हे गुन्हे कलम ६६-क आणि ६६-ड खाली आजही आहेत, आणि त्यांस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा साबणाच्या जाहिरातीसाठी पोलिस ठाणे गाठू नये, आणि बँकेच्या खोट्या पत्राकडे 'होते असे' म्हणून दुर्लक्षही करू नये.

पालकांना एक विनंती विशेष करून. आपल्या घरांत तक्रार होत नाही याचे कारण बहुधा अज्ञान नसते, भीती असते. मुलीला घाणेरडे वा धमकीचे पत्र आले आणि तिने ते सांगितले, तर पहिली गोष्ट होते ती तिचा फोन काढून घेतला जातो. कधी कॉलेजही बंद होते. मग पुढची मुलगी सांगतच नाही, आणि पाठविणाऱ्याला नेमके हेच हवे असते. मुलाने पैसे गमावले तर त्याला रागे भरण्यापूर्वी १९३० फिरवा. रागावण्यास नंतर वेळ पुष्कळ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हेडर वाचता येऊ लागेल तेव्हा एक मोह होईल. एखादे नाव हाती लागल्यासारखे वाटेल आणि ते मोहल्ल्याच्या गटावर टाकून 'हाच तो' म्हणावेसे वाटेल. तसे करू नका. खबर आली की आधी तिची शहानिशा करावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. अफवेने आणि घाईच्या संशयाने काय होते, हे आपल्या समाजाइतके क्वचितच कोणी सोसले असेल. तोच अन्याय आपल्या हातून दुसऱ्यावर होता कामा नये.

संस्थेच्या चालकांना माझी सूचना आहे की, संगणक कक्षात महिन्यातून एक दिवस यासाठी राखून ठेवावा. वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक बसावेत. ज्या पालकाला पत्राचा संशय असेल त्याने यावे, पत्र तपासून घ्यावे आणि गरज असल्यास तक्रार तेथेच लिहून घ्यावी. खर्च काहीच नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशा आपल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना त्याचा फार मोठा आधार होईल, आणि मुलांच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरच्यांना झाला असे होईल.