दंडाची बेडकी आणि अंगातले रक्त



आरोग्यावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. आमचे वाचन झाले ते दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. पण ज्यांची मुले आज वसतिगृहात राहून विद्यापीठात शिकतात, त्या कामगारांत आम्ही उभे आयुष्य काढले आहे. त्या मुलांना प्रकृतीचे धडे कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच आमचाही आहे.

हा गुरू आज खिशात बसला आहे. यूट्यूब आणि इन्स्टाग्राम यांवर जोर-बैठकांपासून उपासापर्यंत सारे शिकायला मिळते. जिमची फी न परवडणाऱ्या मुलाला बैठक कशी मारावी हे डोळ्यांनी पाहता येते, हा लाभ लहान नव्हे. साधनाला शिव्या देणारांत आम्ही नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हे यंत्र कोणाच्या हिशेबाने चालते?

ते चालते जाहिरातीच्या पैशावर. आपले बोट ज्या चित्रावर थांबते, तसलीच चित्रे ते पुन्हा पुढे सारते. फुगवलेल्या दंडाच्या बेडकीवर बोट थांबते. म्हणून बेडकी दिसते, आणि तिच्या पाठोपाठ पावडरीचा डबा. त्या डब्याचे पैसे पुष्कळदा बापाच्या ओव्हरटाइममधून जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या अशा पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. डाळ, फुटाणे, शेंगदाणे, दूध, अंडी यांची जाहिरात कोण करणार?

आता जे दिसत नाही ते पाहा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणाऱ्या मुलीला हिमोग्लोबिन तपासून घे, जेवणाला लागून चहा पिऊ नकोस, पालेभाजीवर लिंबू पिळ, हे सांगणे अधिक निकडीचे. पण त्यावर बोट थांबत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यांची मते पटोत वा न पटोत, लिहिले ते त्यांनी स्वतःच्या नावावर, आणि त्यापायी कोर्टाची पायरीही चढले. आरोग्य शिकवणारा असा जाब द्यायला हजर असला पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नियम केला, की आरोग्यतज्ज्ञ म्हणून जाहिरात करणाऱ्याने आपली पात्रता सांगावी. नियम चांगला आहे. पण विचारणारा नसेल तर नियम कागदावरच राहतो, हे कारखान्यात आम्ही रोज पाहतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी संघटित व्हावे. प्रत्येक वसतिगृहाने आपला व्हॉट्सॲप गट करावा. त्यात सांगणाऱ्या डॉक्टरचे किंवा क्रीडाशिक्षकाचे नाव आणि शिक्षण लिहिलेले असावे. तेथे कोणताही माल विकू नये. चूक झाली तर दुरुस्ती त्याच गटात, सर्वांसमक्ष व्हावी. कोणाच्या जाडेपणाची वा हडकुळेपणाची टवाळी होऊ नये. शिकवण मराठीत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. दिवसाला अर्धा तास झपाझप चाललात, तर पाच दिवसांत तो पुरा होतो. त्याला डबा लागत नाही.

आणि आईबापांना आमची विनंती आहे. सुट्टीत मुलगी घरी आली की गुणपत्रिका जरूर मागा; पण तिची धाप, तिची झोप, तिचे जेवण हेही विचारा. ती फोनवरचे काही दाखवू लागली तर तिला झिडकारू नका. शेजारी बसा, पाहा, आणि एवढेच विचारा: “हे सांगणारा कोण? आणि तो विकतो काय?”