काचेच्या पेटीतील अदृश्य बिऱ्हाड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही माशांच्या पेटीविषयी बोलणार हे ऐकून काहींनी स्मित केलेले आम्ही पाहिले. कलाशाखेच्या पदवीधराने आणि त्यातून सरकारी नोकराने या विषयात कशाला पडावे, ही शंका रास्तच आहे. परंतु बदलीच्या गावी आलेल्या आमच्या कुटुंबाला त्या पेटीने एक धडा दिला, तो आपणांपुढे ठेवावासा वाटतो.

झाशीस आलो तेव्हा आमची धाकटी कन्या दहा वर्षांची होती. मैत्रिणी नागपुरास राहिल्या. शाळा नवी, भाषा निराळी. तिचे मन रमावे म्हणून आम्ही काचेची पेटी आणली, वाळू धुतली, नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी पाच गोल्डफिश सोडले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते. तरीही दहा दिवसांत पाचही मासे गेले. “बाबा, पाणी तर स्वच्छ होते ना?” या तिच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. “आता पुन्हा मासे नकोत,” असे ती म्हणाली, ते अधिक लागले.

उत्तर मिळाले ते याच मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांकडून. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. त्याला रंग नसतो, म्हणून विषारी पाणीही निर्मळ दिसते. नदी-तळ्यांत काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण तो रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेतो. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात माशांना सोसतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास या जीवाणूंचे कार्य उलगडले. आपल्या शेतजमिनीतही हीच क्रिया अखंड चालू असते. नव्या पेटीत मात्र या जीवाणूंची वस्ती नसते. आम्ही घर बांधले, पण ते राखणारे बिऱ्हाडच आले नव्हते! त्यात भर म्हणून आम्ही फिल्टरचा स्पंज रोज नळाखाली खळखळून धूत होतो. जी थोडी वस्ती होऊ पाहत होती, तीही पाण्यातील क्लोरीनने मारीत होतो.

भगिनींना हे विरजणाच्या उदाहरणाने चटकन पटेल. दह्याचे जीवाणू उबेत तासाभरात दुप्पट होतात, म्हणून दही रात्रीत लागते. या जीवाणूंना दुप्पट होण्यास अर्धा दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतो. म्हणून पेटी सिद्ध होण्यास चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. जुन्या पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास हा काळ कमी होतो. नुसते जुने पाणी आणून फारसा लाभ नाही, कारण हे जीवाणू पाण्यात फारसे राहत नाहीत. स्पंज, वाळू, दगड यांना चिकटून राहतात.

त्या सद्गृहस्थांनी आपल्या पेटीतील ओला स्पंज कापून दिला आणि वाळू देऊ नका, असे बजावले. आम्ही क्लोरीन घालवून पाणी भरले, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवला आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य कुजण्यासाठी टाकले. तपासणीच्या थेंबांनी पाण्याचा रंग पाहण्याचे काम कन्येकडे दिले. आधी अमोनिया चढला. तो उतरू लागला तेव्हा नायट्राइट चढला. तेविसाव्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. ती वही घेऊन धावत आली आणि स्वतःच म्हणाली, “आता दोनच मासे आणू या.” पुढील मासे थोड्याथोड्या दिवसांनी आणले. आता दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलतो आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो.

झाशीचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, अमोनियाही अधिक जाचक होतो. आणि प्राणवायू माशांइतकाच जीवाणूंनाही हवा. म्हणून वीज गेली की आम्ही प्रथम बॅटरीवरचा हवापंप लावतो, मग मेणबत्ती शोधतो.

शेवटी एकच निवेदन. बदलीवर येथे नवे मराठी कुटुंब आले की पहिल्याच महिन्यात आपण त्यांच्याकडे वर्गणीची पावती आणि नाटकातील भूमिका घेऊन जातो. थोडे थांबावे. आधी विरजणाची वाटी घेऊन जावे, मुलांची शाळा विचारावी. त्यांना रुजू द्यावे. आम्हांस या मंडळाने असेच रुजविले. आणि ज्यांना पेटी मांडावयाची असेल, त्यांनी आमच्या घरून स्पंजाचा तुकडा अवश्य न्यावा. कन्या तो कापून देईल; वाळवू नका, अशी ताकीदही देईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.