चारा हेही पीकच आहे



दर उन्हाळ्यात आपण एकच व्यवहार करतो. चैत्रात महाग कडबा घेतो, वैशाखात हात टेकतो आणि पडेल भावाने बैल बाजारात नेतो. मृग निघाला की पुन्हा चढ्या भावाने बैल शोधतो. याला आपण नशीब म्हणतो. खरे तर हिशेब न मांडल्याचा हा तोटा आहे.

बैलजोडीला रोज 12 ते 14 किलो वाळला चारा धरा. उन्हाळ्याच्या 120 दिवसांना दीड टन झाला. पूर्वी तो ज्वारीबरोबर घरी येई. 1964 साली सीएसएच-1 हा संकरित वाण आला; दाणा वाढला, ताट बुटके झाले. पुढे कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीचे रानच घेतले. पऱ्हाटीवर काही बैल जगत नाही.

म्हणून चाऱ्यासाठी वेगळा तुकडा राखू. चाऱ्याची ज्वारी दाट पेरावी. एकरी 16 किलो बी, दोन ओळींत एक फूट. धांडा बारीक राहतो, लवकर वाळतो. कापणी पाऊस उघडल्यावर येईल अशा बेताने पेरावे. निम्मे पीक फुलोऱ्यात आले की कापावे. दाणा भरला की धांड्याचा कस कणसात जातो. कोवळी किंवा पावसाअभावी खुरटलेली ज्वारी हिरवी घालू नये. तिच्यातील विषाने जनावर बघता बघता दगावते. पेंढ्या उभ्या करून वाळवाव्यात. धांडा कडकन मोडला तरच गंजी रचावी. ओली गंजी आतून तापते, बुरशी धरते. खाली दगड-लाकडाचा थर द्यावा आणि कुट्टी करूनच घालावे, म्हणजे नासाडी कमी होते.

आता भावाचे बोलू. ज्वारीचा उत्पादन खर्च काढताना त्यातला वाटा कडब्याच्या नावे टाकला जातो. म्हणजे सरकारी हिशेबात कडब्याला किंमत आहे. पण 2018 च्या दुष्काळात कडब्याला भाव आला, तेव्हा काही जिल्ह्यांत तो बाहेर नेण्यास बंदी झाली. ज्याने गंजी राखली, त्याच्याच पायात बेडी! दुष्काळात जनावरे जगवायची तर सरकारने बाजारभावाने चारा विकत घ्यावा. पिकवणाऱ्याची वाट अडवू नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या दावणीचा हिशेब कागदावर मांडून आणावा: जनावरे किती, चारा किती, विकत किती घेतला. मग पेरायचे किती, हे आपल्याला कोणी सांगावे लागणार नाही.